शोधनिबंधाचे मोल आणि संदर्भांची मोजणी

आपल्या भोपाळच्या साकेत नगरात अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था उभी आहे. २०१२ मध्ये तेथे वैद्यकीय शिक्षणास प्रारंभ झाला. या वाचकांपैकी कित्येकांच्या घरची माणसे तेथे औषधोपचारासाठी गेली असतील. काहींच्या मनात तेथे शिकण्याची आकांक्षाही असेल. अशा संस्थेतील अध्यापक रोग्यांना तपासतात, विद्यार्थ्यांना शिकवतात आणि त्याखेरीज संशोधनही करतात. एखाद्या संशोधकाचा परिचय वाचू लागलो की त्यात पुढील प्रकारची वाक्ये हमखास आढळतात : ‘यांचे इतके शोधनिबंध प्रसिद्ध झाले आहेत, त्यांना इतके संदर्भ लाभले आहेत, यांचा एच-निर्देशांक इतका आहे.’ सामान्य वाचक हे आकडे पाहून आदराने मान डोलावतो आणि पुढे जातो. परंतु त्या आकड्यांचा अर्थ काय, ते कोणी व कशासाठी काढले, आणि त्यांवर किती विश्वास ठेवावा, हे जाणून घेणे अगत्याचे आहे. ज्या ज्ञानाच्या आधारावर उद्या आपल्या आजीला वा वडिलांना औषध दिले जाणार आहे, ते ज्ञान खरे की खोटे, हा प्रश्न या आकड्यांशी निगडित आहे. म्हणून मेंदू आणि मज्जासंस्था यांच्या विकारांचे जे शास्त्र, म्हणजे न्यूरॉलॉजी, त्यातील उदाहरणे घेऊन या विषयाचा आपण विचार करू.

१. शोधनिबंध म्हणजे काय?

एखाद्या वैद्याला आपल्या रोग्यांत काही नवे आढळले, तर ते त्याने मनाशीच ठेवून भागत नाही. काय पाहिले, किती रोग्यांत पाहिले, कोणत्या पद्धतीने तपासले आणि त्यावरून कोणता निष्कर्ष काढला, हे सर्व तो क्रमवार लिहून काढतो व एखाद्या शास्त्रीय नियतकालिकाकडे पाठवतो. नियतकालिकाचे संपादक तो मजकूर त्याच विषयातील अन्य तज्ज्ञांकडे परीक्षणासाठी देतात. ते शंका विचारतात, पुरावा मागतात, प्रसंगी निबंध परतही करतात. या चाळणीतून जो निबंध पार पडतो तोच छापला जातो. लंडनहून १८७८ पासून निघणारे ‘ब्रेन’ हे मज्जाविकारांवरील असेच एक जुने व मान्यताप्राप्त नियतकालिक आहे.

निबंध छापून आला म्हणजे तो शंभर टक्के खरा ठरला, असे मात्र मुळीच नव्हे. तो सर्वांपुढे तपासणीसाठी मांडला गेला, एवढाच त्याचा अर्थ. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते.

२. ऋण सांगण्याची रीत

विद्येच्या क्षेत्रात कोणीही शून्यातून आरंभ करीत नाही. आधीच्यांनी जे शोधले त्यावर पुढचा आपला एक थर रचतो. हा थर कोणाच्या थरावर रचला आहे, ते निबंधाच्या शेवटी नावानिशी, वर्षानिशी नोंदवण्याचा शास्त्रज्ञांचा नियम आहे. या नोंदीला संदर्भनिर्देश किंवा नुसते संदर्भ म्हणतात. संदर्भ देण्यात तीन हेतू साधतात. पहिला, पूर्वसूरींचे ऋण मान्य होते. दुसरा, वाचकाला मूळ पुरावा स्वतः पडताळून पाहता येतो. तिसरा, ज्या मताचे खंडन करावयाचे ते मत नेमके कोणाचे, हे स्पष्ट होते.

याचे एक उदाहरण आपल्या मध्य प्रदेशातलेच आहे. भोपाळपासून फार दूर नसलेल्या सागरच्या भागात १८२९ पासून लागोपाठ काही वर्षे गव्हाचे पीक बुडाले. शेतात आपोआप माजलेल्या लाखेवर लोकांना गुजराण करावी लागली. या लाखेलाच हिंदीत खेसारी किंवा तिवडा म्हणतात. पुढे १८३३ च्या सुमारास तेथील तरुण माणसांचे पाय एकाएकी लुळे पडू लागले. विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने ही हकीकत लिहून ठेवली व १८४४ मध्ये आपल्या प्रवासवर्णनात प्रसिद्ध केली. स्लीमन काही वैद्य नव्हता. परंतु त्याने जे पाहिले ते काळ, स्थळ आणि कारण यांसह नोंदवले. पुढे १९६४ मध्ये बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील आणि दिल्लीतील संशोधकांनी लाखेच्या दाण्यातील मज्जातंतूंना घातक असे द्रव्य वेगळे काढून दाखवले. या रोगावर लिहिणारे अभ्यासक आजही स्लीमनच्या त्या नोंदीचा निर्देश करतात. एका अधिकाऱ्याची नोंद आणि एका प्रयोगशाळेचा शोध यांच्यामध्ये एकशेवीस वर्षांचे अंतर आहे. ते अंतर संदर्भाच्या धाग्याने सांधले गेले आहे.

३. संदर्भ मोजण्यास प्रारंभ कसा झाला?

संदर्भांची व्यवस्थित सूची करण्याची कल्पना प्रथम वकिलांच्या कामातून आली. अमेरिकेत फ्रँक शेपर्ड यांनी १८७३ पासून न्यायालयीन निवाड्यांची सूची काढण्यास आरंभ केला. एखादा जुना निवाडा पुढील कोणत्या खटल्यांत आधारासाठी घेतला गेला व कोणत्या खटल्यात फिरवला गेला, हे त्या सूचीवरून तत्काळ कळे. हीच रीत शास्त्रीय निबंधांना लावावी, अशी सूचना यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात केली आणि १९६४ मध्ये त्यांची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ ही सूची प्रत्यक्षात आली. एखादा निबंध हाती घेऊन, त्याच्या नंतर कोणी कोणी त्याचा उपयोग केला, हे शोधणे या सूचीमुळे सुलभ झाले. अभ्यासकाला वाट दाखवावी, हा तिचा मूळ हेतू होता. पुढे याच सूचीवरून माणसांची व नियतकालिकांची प्रतवारी लावण्याची प्रथा पडली. त्यातील दोन मापे आपण समजून घेऊ.

पहिले माप नियतकालिकाचे. त्याला प्रभावांक म्हणता येईल. समजा, एका नियतकालिकाने दोन वर्षांत मिळून १०० निबंध छापले. त्यांचा तिसऱ्या वर्षी इतरांनी एकंदर २५० वेळा निर्देश केला. तर २५० ला १०० ने भागून त्या नियतकालिकाचा तिसऱ्या वर्षाचा प्रभावांक २·५ येतो. ही सरासरी आहे, हे लक्षात ठेवावे. वर्गाची सरासरी साठ गुण आली म्हणून प्रत्येक मुलाला साठ गुण मिळाले असे होत नाही, तद्वतच उत्तम नियतकालिकातील प्रत्येक निबंध उत्तम असतो असे नाही.

दुसरे माप व्यक्तीचे. ते जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवले. त्यालाच एच-निर्देशांक म्हणतात. संशोधकाचे निबंध, मिळालेल्या संदर्भांच्या उतरत्या क्रमाने मांडावेत. समजा ते आकडे असे आहेत : ४०, १८, ९, ५, ५, २, ०. आता क्रमांक आणि आकडा यांची तुलना करीत खाली यावे. पाचव्या निबंधाला पाच संदर्भ आहेत; सहाव्याला मात्र सहापेक्षा कमी, म्हणजे दोनच आहेत. म्हणून या संशोधकाचा एच-निर्देशांक ५. आता दुसरा संशोधक घ्या. त्याचे तीनच निबंध आहेत आणि त्यांचे संदर्भ ५००, ३ व १ असे आहेत. त्याचा एच-निर्देशांक केवळ २ येईल. पहिल्याला एकूण ७९ संदर्भ मिळाले, दुसऱ्याला ५०४. तरीही निर्देशांक पहिल्याचा मोठा! हे माप सातत्याने लिहिणाऱ्याला न्याय देते. एकच पण फार मोठे काम करणाऱ्याला देत नाही. एका मापातून जे सुटते ते दुसऱ्यात सापडते, आणि दोन्हींतून जे सुटते ते निबंध प्रत्यक्ष वाचल्याखेरीज सापडत नाही.

४. मुंबईतील एक उदाहरण

आता एका खऱ्या संशोधकाच्या कार्याकडे वळू. डॉ. नोशीर वाडिया यांचा जन्म १९२५ मध्ये सुरत येथे झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. इंग्लंडमध्ये मज्जाविकारांचा विशेष अभ्यास करून ते मुंबईस परतले आणि त्याच महाविद्यालयात व त्याला जोडलेल्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी आयुष्याचा मोठा काळ वेचला. महाराष्ट्राच्या व गुजरातच्या खेड्यापाड्यांतून आलेली गोरगरीब माणसे हेच त्यांचे रोगी आणि तेच त्यांचे ग्रंथही.

काही रोग्यांची चाल डळमळत असे, हातांना कंप सुटे, बोलणे अडखळत असे. लहान मेंदूच्या ऱ्हासाची ही लक्षणे वैद्यांना ठाऊक होती. पण या रोग्यांत आणखी एक वैशिष्ट्य होते. हे वाक्य वाचताना तुमचे डोळे एका शब्दावरून दुसऱ्यावर टुणटुण उड्या मारीत जातात. समोर हाक आली तर नजर क्षणार्धात तिकडे वळते. या रोग्यांची नजर तशी झटकन वळत नसे. ती अतिशय संथपणे सरकत जाई. डॉ. वाडिया व त्यांचे सहकारी डॉ. स्वामी यांनी अशा नऊ कुटुंबांचा अभ्यास केला आणि १९७१ मध्ये ‘ब्रेन’ नियतकालिकात निबंध प्रसिद्ध करून हा पिढ्यान्‌पिढ्या उतरणारा एक निराळा रोग आहे, असे प्रतिपादन केले.

पुढे काय घडले ते पाहण्यासारखे आहे. १९९६ मध्ये तीन स्वतंत्र संशोधक-गटांनी या रोगाचे मूळ असलेला जनुक शोधून काढला. बाराव्या गुणसूत्रावरील त्या जनुकात तीन अक्षरांची एक जोडणी पुनःपुन्हा येते. निरोगी माणसात ती बहुधा २२ वेळा येते. रोग्यांत बहुधा ३५ किंवा त्याहून अधिक वेळा. माता किंवा पिता यांपैकी एकाला हा रोग असेल, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याचा संभव निम्मा असतो. १९९८ मध्ये डॉ. वाडिया यांनी सहकाऱ्यांसह सहा भारतीय कुटुंबांचा जनुकीय परीक्षेसह अभ्यास ‘ब्रेन’मध्येच प्रसिद्ध केला आणि रोगनिदानात त्या संथ नजरेचे महत्त्व किती, ते दाखवून दिले. आज जगभर या रोगाला एससीए-२ म्हणतात. ‘वाडिया-स्वामी विकार’ या नावानेही तो ओळखला जातो.

आता वर सांगितलेले माप येथे लावून पाहा. प्रभावांकाची मोजणी दोन वर्षांच्या निबंधांवर चालते. १९७१ चा निबंध १९७३ नंतर त्या हिशेबातून बाहेर पडला. जनुक सापडला तो पंचवीस वर्षांनी! एखाद्याने १९७३ साली खातेवही मिटून त्या निबंधाची किंमत ठरवली असती, तर ती किती अपुरी ठरली असती? आंब्याची कोय पेरून दुसऱ्या वर्षी फळ मोजणाऱ्या माणसासारखीच त्याची गत झाली असती.

याच संशोधकाचे दुसरे काम याच्या उलट त्वरेचे आहे. १९७१ मध्ये मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ आली. बंगालमध्ये तिला लोकांनी ‘जय बांगला’ असे नाव दिले होते. साधी डोळे येण्याची साथ ती. परंतु काही रोग्यांच्या पायांतील शक्ती त्यानंतर जाऊ लागली. डॉ. वाडिया, डॉ. इराणी व डॉ. कात्रक यांनी या दोन घटनांचा संबंध ओळखून १९७३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात तो जगापुढे ठेवला. १९८१ मध्ये मुंबईत पुन्हा साथ आली तेव्हा त्याचा अधिक अभ्यास झाला. येथे निबंधाचे मोल अन्य वैद्य वेळीच सावध झाले यात आहे. ज्या वैद्याने तो वाचून आपला रोगी ओळखला, त्याने पुढे स्वतः निबंध लिहिला नसेल, तर तो उपयोग कोणत्याच सूचीत नोंदला गेला नाही.

डॉ. वाडिया यांना २०१२ मध्ये पद्मभूषण हा सन्मान लाभला. २०१६ मध्ये ते निवर्तले.

५. मापाच्या मर्यादा

संदर्भांची संख्या निरर्थक आहे, असे माझे म्हणणे नाही. पुष्कळ अभ्यासकांना एखाद्या कामाचा उपयोग झाला, ही गोष्ट महत्त्वाची आहेच. तथापि तिच्या मर्यादा ध्यानी घ्याव्यात.

पहिली मर्यादा काळाची. कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी पटकीच्या जंतूंतून विष स्रवते, हे १९५९ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले. कित्येक वर्षे त्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. १९७८ मध्ये नोबेल परिसंवादाचे निमंत्रण त्यांना आले, तेव्हा ते निवृत्त झाले होते. ग्रेगोर मेंडेलचा आनुवंशिकतेवरील निबंध १८६६ मध्ये छापला गेला व त्याचे महत्त्व १९०० मध्ये जगाला उमगले. तोवर मेंडेल हयात नव्हता.

दुसरी मर्यादा विषयाची. १९५१ मध्ये ऑलिव्हर लाउरी व सहकाऱ्यांनी प्रथिने मोजण्याची एक रीत प्रसिद्ध केली. त्या निबंधाचा निर्देश तीन लाखांहून अधिक वेळा झाला आहे. जगातील कोणत्याही युगप्रवर्तक सिद्धांताला इतके संदर्भ नाहीत. कारण उघड आहे : तो सिद्धांत नाही; ते प्रयोगशाळेतील रोजच्या वापराचे साधन आहे. स्वयंपाकघरात पळीचा उपयोग अधिक वेळा होतो, म्हणून ती चुलीहून श्रेष्ठ ठरत नाही.

तिसरी मर्यादा भाषेची. या सूच्या मुख्यतः इंग्रजी नियतकालिकांवर चालतात. मी कोकणीभाषिक आहे आणि मराठीतून शिकवतो. थोड्या माणसांच्या भाषेत लिहिलेल्या लेखाला वाचक थोडे असतात, पण त्या थोड्यांसाठी तो अमोल असू शकतो. लाख डाळीच्या धोक्याविषयी खेड्यातल्या माणसाला कळेल अशा भाषेत लिहिलेल्या चार ओळी एखाद्याचे पाय वाचवतील. सूचीत मात्र त्यांना जागा नाही.

चौथी मर्यादा माणसाच्या स्वभावाची. आकड्यावर बढती मिळू लागली की काही जण आकडाच वाढवू लागतात. एका निबंधाचे तीन तुकडे करणे, आपलेच निबंध आपण निर्देशणे, परस्परांचे निर्देश करण्याचा संकेत ठरवणे, असे प्रकार घडतात. म्हणूनच २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे जमलेल्या संपादकांनी व शास्त्रज्ञांनी असे आवाहन केले की, नियतकालिकाच्या प्रभावांकावरून व्यक्तीची योग्यता ठरवू नये. कामाचा गाभा पाहावा.

६. आकडा मोठा, आधार खोटा

सर्वांत गंभीर गोष्ट शेवटी सांगतो. स्मृतिभ्रंशाचा आल्झायमर नावाचा रोग वृद्धांना जडतो. ज्यांच्या घरात असा रोगी आहे त्यांना त्याचे दुःख सांगायला नको. पोटच्या मुलाला आई ‘तू कोण?’ म्हणून विचारते. या रोगात स्मृती का नष्ट होते, यासंबंधी २००६ मध्ये ‘नेचर’मध्ये एक निबंध आला. मेंदूतील एका विशिष्ट प्रथिनसमूहाकडे त्यात बोट दाखवले होते. त्याचा निर्देश दोन हजारांहून अधिक वेळा झाला. कोणत्याही मापाने हे भाग्य थोर होय. परंतु २०२२ मध्ये त्यातील छायाचित्रांविषयी गंभीर शंका जाहीर झाल्या आणि चित्रांत फेरफार झाल्याची चिन्हे आढळल्यामुळे २०२४ मध्ये तो निबंध मागे घेण्यात आला.

विचार करा : दोन हजार निर्देश त्या निबंधाला खरे करू शकले नाहीत. मूळ चित्रे चिकित्सकपणे पाहणाऱ्या थोड्या माणसांनी सत्य उजेडात आणले. मधल्या काळात त्या वाटेवर कित्येक संशोधकांची वर्षे खर्ची पडली, आणि रोग्यांच्या कुटुंबांना तर वर्षे परत मिळत नाहीत. संदर्भ देणारा मनुष्य मूळ निबंध न वाचता दुसऱ्याच्या यादीतून उतरवून घेतो, तेव्हा तो अशा चुकीचा भागीदार होतो.

७. आपण काय शिकावे?

शाळेतही आपण गुणांच्या आकड्यांत वावरतो. गुणपत्रिकेचा उपयोग आहे, म्हणून ती आपण जपून ठेवतो. पण गुणपत्रिका म्हणजे विद्या नव्हे, हे पालक आणि विद्यार्थी दोघेही मनोमन जाणतात. संशोधकाची संदर्भसंख्या ही तशीच एक गुणपत्रिका आहे. ती वाचावी, समजून वाचावी, आणि मग विचारावे : याने नेमके काय पाहिले? ते दुसऱ्याला पडताळून पाहता आले काय? त्याचा कोणाला उपयोग झाला?

आणि ही सवय आजच लावून घेता येते. निबंधात एखादी माहिती लिहाल तेव्हा ती कोठून घेतली ते खाली नोंदवा. ज्याचे घेतले त्याचे नाव सांगा. जे पाहिले तेवढेच लिहा. न पाहिलेले पाहिले म्हणून लिहू नका. साकेत नगरातील त्या मोठ्या इमारतीत उद्या तुमच्यापैकी कोणी वैद्य म्हणून प्रवेश करील, तेव्हा त्याच्यासमोर बसलेला रोगी त्याचा एच-निर्देशांक विचारणार नाही. आपली नजर संथ का झाली, हे या वैद्याला दिसते की नाही, एवढेच तो पाहील.

अभ्यासासाठी प्रश्न

१. एका संशोधकाच्या निबंधांना मिळालेले संदर्भ असे आहेत : २५, १२, ६, ४, ३, १. त्याचा एच-निर्देशांक काढा.
२. एका नियतकालिकाने दोन वर्षांत ८० निबंध छापले. तिसऱ्या वर्षी त्यांचा १२० वेळा निर्देश झाला. प्रभावांक किती?
३. १९७१ च्या वाडिया-स्वामी निबंधाचे मोल दोन वर्षांच्या मोजणीत का मावत नाही, ते आपल्या शब्दांत लिहा.
४. आपल्या घरातील वडील माणसांना लाखेच्या डाळीविषयी काय ठाऊक आहे ते विचारा. कोणी, केव्हा, कोठे पाहिले, हे नोंदवून दहा ओळी लिहा.